पाटी, छाप आणि पत : लहान दुकानांच्या ओळखीचा इतिहास



तत्त्वज्ञानाचा मास्तर दुकानांच्या पाट्यांवर काय बोलणार, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना नक्कीच पडला असेल. प्रश्न रास्त आहे. पण बघा, आम्ही जन्मभर वर्गात बोललो ते नाम आणि रूप, शब्द आणि अर्थ, सामान्य आणि विशेष यांच्याविषयी. हे सगळे वाद बाजारात रोज जिवंत असतात. किराणावाला आपल्या दुकानाला नाव देतो, त्या नावाला एक रूप देतो आणि गिऱ्हाईक त्या रूपावर भरवसा ठेवून पैसे मोजते. हे नेमके घडते कसे? खुणेत असे काय असते की अनोळखी माणसाच्या हातचा माल आपण डोळे झाकून घेतो? आज या प्रश्नाचा माग आपण इतिहासातून काढणार आहोत. आणि शेवटी आजच्या लहान दुकानदारापर्यंत येणार आहोत, कारण त्याच्यापुढे आज खरोखरच एक अडचण उभी आहे.

आजकाल याला 'ब्रँडिंग' म्हणतात. शब्द नवा आहे, गोष्ट जुनी आहे. किती जुनी? चला, कार्ल्याला जाऊ. तिथल्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे दानलेख आहेत. त्यांत एक दान दरवाजासाठी आहे आणि ते देणारा आहे धेनुकाकट गावचा सिंहदत्त नावाचा गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. लेख अगदी छोटा आहे. राजा नाही, वंशावळ नाही, पराक्रम नाही. गाव, धंदा, नाव आणि दिलेली वस्तू. आता आपल्या पेठेतली कुठलीही जुनी पाटी डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर काय असते? नाव, धंदा, गाव. आम्ही असे मुळीच म्हणत नाही की कार्ल्याचा लेख ही जाहिरात होती. ते दान होते, त्यामागे श्रद्धा होती. पण व्यापारी माणूस चारचौघांत स्वतःची ओळख कशी सांगतो, त्याचा साचा तेव्हाही हाच होता.

नाशिकच्या पांडवलेण्यांत याहून बोलका पुरावा आहे. नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. कुठे ठेवले? राजाच्या खजिन्यात नाही, तर गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे. त्यातले २,००० दरमहा एक टक्का दराने आणि १,००० पाऊण टक्का दराने. व्याजातून भिक्षूंचा खर्च चालायचा. राजघराण्यातला माणूस विणकरांच्या संघाकडे कायमची ठेव ठेवतो, याचा अर्थ काय? त्या श्रेणीला पत होती. आजच्या व्याख्यानात हा 'पत' शब्द लक्षात ठेवा. पुढे खूण, छाप, मार्का, लोगो असे शब्द येतील आणि जातील, पण पत शेवटपर्यंत आपल्याबरोबर राहणार आहे.

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ. मधल्या काळात बाजार नव्हता असे नाही. पण गावचा बाजार तोंडओळखीवर चालत होता. सोनार कोण, तेली कोण, साळी कोण, हे गावाला ठाऊक. तिथे पाटीची गरजच काय? खुणेची गरज तेव्हा पडते, जेव्हा करणारा आणि घेणारा एकमेकांना दिसत नाहीत. मँचेस्टरच्या गिरणीतले कापड मुंबई बंदरात उतरले आणि घाट चढून आत गेले, तेव्हा हे अंतर हजारो मैलांचे झाले. घेणाऱ्याला इंग्रजी वाचता येत नव्हते, बहुतेकांना कुठलीच लिपी वाचता येत नव्हती. मग परदेशी व्यापाऱ्यांनी कापडाच्या ठाणांवर रंगीत चित्रांची कागदी लेबले चिकटवायला सुरुवात केली. देवदेवता, राजे, हत्ती, वाघ. काडेपेट्यांचेही तेच. स्वीडन आणि जपानमध्ये तयार होणाऱ्या काडेपेट्यांवर आपले देव छापून येत. 'छाप' हा शब्द बाजारात रुजला तो या व्यवहारातून. गिऱ्हाईक कंपनीचे नाव घेत नसे, ते म्हणायचे, "तो हत्ती छाप द्या."

यात एक गंमत आहे. चित्राचा आणि मालाचा संबंध काहीच नव्हता. हत्तीचा आणि कापडाच्या पोताचा काय संबंध? तरीही गिऱ्हाईक चुकत नसे. मागच्या वेळी हत्तीचे कापड टिकले, म्हणून याही वेळी हत्तीचे घ्यायचे. चित्र अर्थ सांगत नव्हते, ते फक्त आठवण सांगत होते. चित्रांची ही भूक भागवायला आपल्याकडेही छापखाने उभे राहिले. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची चित्रशाळा निघाली. १८९४ साली राजा रविवर्मांचा शिळाछापखाना मुंबईत सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या रंगीत छपाईने देव घराघरांत पोहोचले, आणि कॅलेंडरांच्या व लेबलांच्या वाटेने दुकानादुकानांतही पोहोचले.

छाप आली की नक्कल आलीच. हत्ती चांगला खपतो आहे म्हटल्यावर दुसराही हत्ती काढणार. इंग्लंडमध्ये १८७५ साली खुणांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८७६ रोजी पहिली नोंद झाली ती बास नावाच्या मद्य कंपनीच्या लाल त्रिकोणाची. नुसता लाल त्रिकोण! आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंडसंहितेत व्यापारी खुणेची नक्कल हा गुन्हा ठरला होता आणि १८८९ साली मालावरच्या खोट्या वर्णनांविरुद्ध स्वतंत्र कायदा आला. पण खूण नोंदवण्याची सोय मात्र १९४० च्या कायद्यापर्यंत नव्हती. तोवर व्यापारी काय करत? निबंधकाच्या कचेरीत जाऊन 'ही खूण आमची' असे प्रतिज्ञापत्र नोंदवत आणि वर्तमानपत्रात सावधगिरीची सूचना छापत. 'आमच्या मालाची नक्कल होत आहे, गिऱ्हाइकांनी पारखून घ्यावे', या धाटणीच्या जाहिराती आजही कुठे कुठे दिसतात. त्यांचे मूळ त्या कायद्यावाचूनच्या काळात आहे.

आता मराठी दुकानदाराकडे वळू. मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते तपासायचे राहून जाते. पाट्या तपासल्या तर वेगळे चित्र दिसते. आपल्या दुकानांनी चित्रापेक्षा नावावर भर दिला. अमुक आणि मंडळी, अमुक बंधू, अमुक आणि सन्स. 'आणि मंडळी' ही इंग्रजी 'अँड कंपनी'ची किती सुंदर मराठी! दामोदर सावळाराम आणि मंडळी, परचुरे पुराणिक आणि मंडळी ही नावे जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर तुम्ही पाहिली असतील. आणि पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रो. प्रा.' म्हणजे प्रोप्रायटर. आम्ही निवृत्त होईपर्यंत नावाआधी 'प्रा.' लावत होतो, तेव्हा या बाबतीत दुकानदार आमच्यापेक्षा एका 'प्रो.'ने पुढे होता, असे म्हणायला हरकत नाही.

पण थट्टा बाजूला ठेवून विचार करा. स्वतःचे आडनाव पाटीवर लिहिणे म्हणजे काय? माल खराब निघाला तर बदनाम होणार ते घराणे. हत्ती बदनाम झाला तर व्यापारी उद्या घोडा काढील. आडनाव बदलता येत नाही. म्हणून आडनावाची पाटी ही एक प्रकारे गहाण ठेवलेली अब्रू असते.

काहींनी मात्र नाव आणि चित्र या दोहोंचा उपयोग केला. लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून झाली, म्हणजे एका लहान दुकानापासूनच. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले ते मुळात कारखान्याच्या मालाची माहिती लोकांना व्हावी म्हणून. शंकरराव चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते, हे इथे महत्त्वाचे. नांगर विकायचा तर तो कागदावर कसा दिसावा, याची जाण असलेला माणूस घरातच होता. पुढे तेच पत्र 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि मराठी वाचकाच्या घडणीत त्याने काय काम केले, ते तुम्हाला सांगायला नको. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला १९१६ साली काचकारखाना निघाला आणि पुढे त्यांचा कंदील 'प्रभाकर' या नावाने घरोघर टांगला गेला. प्रभाकर म्हणजे सूर्य. कंदिलाला सूर्याचे नाव! अतिशयोक्ती आहे, पण गोड आहे, आणि एकदा ऐकले की विसरत नाही. मुंबईत १९३१ साली दांडेकरांनी शाईची भुकटी आणि गोळ्या करायला घेतल्या, त्या घोड्याच्या छापाने. पुढे घोड्याच्या जागी उंट आला आणि 'कॅमल'ची शाई म्हणता म्हणता 'कॅम्लिन' झाले. आपल्यापैकी अनेकांच्या कंपासपेटीवर तो उंट होता.

स्वदेशीच्या चळवळीने तर देशालाच छाप बनवले. तळेगावचा पैसा फंड काचकारखाना १९०८ सालचा. एकेक पैसा जमवून उभ्या केलेल्या कारखान्याच्या नावातच 'पैसा फंड' हे शब्द आहेत. कोणाच्या भरवशावर हा माल बनतो, ते नावच सांगते. भांडवल लहान, पण पत देशाची.

मग अडचण कुठे आली? आडनावातच आली. दुकान चालले, मुले मोठी झाली, वाटण्या झाल्या. एका 'बंधू'ने समोरच्या फुटपाथवर दुसरे दुकान काढले. आता आडनाव दोघांचेही. कायदाही सांगतो की प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरणाऱ्याला अडवता येत नाही. १९९९ च्या कायद्याचे ३५ वे कलम तेच म्हणते. मग पाट्यांवर विशेषणे उगवली. जुने, मूळ, अस्सल, आणि ते अजरामर वाक्य : 'आमची कुठेही शाखा नाही.' लोक त्याला पुणेरी खवचटपणा समजून हसतात. आम्ही त्याकडे तर्कशास्त्राचे विधान म्हणून पाहतो. दुकानदार आपण कोण आहोत हे सांगत नाही; आपण कोण *नाही* हे सांगतो.

इथे आमच्या विषयाला थोडी वाट द्या. पाचव्या-सहाव्या शतकात दिङ्नाग नावाचा थोर बौद्ध तार्किक होऊन गेला. त्याचा सिद्धान्त 'अपोह' म्हणून ओळखला जातो. सोपे करून सांगायचे तर शब्द वस्तूला थेट दाखवत नाही, तो इतरांना वगळतो. 'गाय' या शब्दाचा अर्थ काय? जे जे गाय नाही, त्यापासून वेगळेपण. व्यापारचिन्हाच्या कायद्याने दिङ्नाग वाचला नसेल, पण त्याची कसोटी हीच आहे. खूण सुंदर आहे का, हे कायदा विचारत नाही. ती तुमचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा दाखवते का, एवढेच विचारतो. म्हणून 'शुद्ध तूप' हे तुपाचे व्यापारचिन्ह सहसा होऊ शकत नाही, कारण ते सगळ्याच तुपांचे वर्णन आहे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अगरबत्तीसाठी 'रामायण' या नावावर एकाच व्यापाऱ्याचा हक्क मानायला नकार दिला. जे सर्वांचे आहे, ते एकाची खूण कसे होईल? आता आपल्या गावातली गणेश, महालक्ष्मी, साई आणि समर्थ नावाची दुकाने मोजा. भक्ती खरी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण अपोहाच्या हिशेबाने ती नावे काम करत नाहीत, गिऱ्हाइकाला "स्टेशनजवळचं महालक्ष्मी की शाळेजवळचं?" असं विचारावंच लागतं.

पण दिङ्नागाला उत्तर देणारेही होते. कुमारिल भट्टाने आक्षेप घेतला : 'अगाय' म्हणजे काय हे कळण्यासाठी आधी गाय माहीत हवी ना? नुसत्या वगळण्यावर अर्थ उभा राहत नाही; वगळण्याच्या पाठीशी काहीतरी भरीव असावे लागते. हा आक्षेप आजच्या विषयाचे मर्म आहे, असे आम्हाला वाटते. वेगळी दिसणारी खूण ही अर्धी गोष्ट झाली. तिच्यामागे काही उभे नसेल तर ते वेगळेपण पोकळ आहे. हत्तीच्या मागे कापडाचे टिकणे होते. 'बंधू'च्या मागे घराण्याची अब्रू होती. उषवदाताच्या ठेवीमागे श्रेणीची पत होती.

आता नाव झाले, त्याला रूप देणारा माणूस कोण? पेंटर. आपल्याकडे या कामाचा मान एवढा की तो आडनाव झाला. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री सगळ्या महाराष्ट्राला बाबूराव पेंटर म्हणूनच माहीत आहेत. ते मोठे कलावंत. पण गावोगावी जे लहान पेंटर होते, त्यांनी आपल्या बाजारपेठांना चेहरा दिला. त्यांचे काम कसे चाले ते थोडे आठवू. पत्र्यावर आधी रंगाचा हात, मग खडूच्या भुकटीतला दोरा ताणून मारलेली रेघ, मग अक्षरांची खडूने आखणी, मग ब्रश. आणि त्याआधी बोलणे.

"काय लिहायचं मालक?"

"महालक्ष्मी वस्त्र भांडार."

"पत्रा केवढा?"

"सहा बाय दोन."

"मग 'वस्त्र भांडार' खालच्या ओळीत घेतो. एका ओळीत कोंबलं तर रस्त्यापलीकडनं वाचता येणार नाही."

हे दोन मिनिटांचे बोलणे म्हणजे आजच्या भाषेत सल्लामसलत. पेंटरला दुकान माहीत, रस्ता माहीत, ऊन कुठल्या बाजूने येते ते माहीत. आणि देवनागरीचे दुखणे माहीत. रोमन अक्षरे फळीवर रांगेत उभी राहतात. देवनागरीला तीन मजले लागतात : शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, मात्रा; मध्ये अक्षर; खाली उकार. 'मूर्ती' एवढा एकच शब्द घ्या. खाली दीर्घ उकार, वर रफार, वर वेलांटी. दोन फुटी पत्र्यावर हे बसवायचे तर मधले अक्षर बारीक होते. मग पेंटर काय करायचा? वेलांटीचा फरकाटा लांबवून तो सगळ्या नावावर छत्रीसारखा धरायचा. उकाराला शेपूट देऊन त्याची रेघ नावाखाली ओढायचा. अडचणीतूनच अलंकार निघायचा, आणि तोच त्या दुकानाची खूण होऊन बसायचा.

शिक्षणसंस्थाही या काळात वाढत होत्या. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला. १९६१ साली त्याची स्वतंत्र संस्था झाली. त्याच वर्षी अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था आली आणि १९६९ साली पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचे केंद्र. तिथे र. कृ. जोशींनी देवनागरी अक्षराचा जो विचार केला, त्याचे फळ आपण रोज पाहतो. संगणकावरचा 'मंगल' हा टंक त्यांचाच. कमल शेडगे यांनी नाटकांच्या आणि चित्रपटांच्या नावांना अशी रूपे दिली की अक्षर पाहूनच नाटकाचा स्वभाव कळावा. ही मोठी माणसे. पण या संस्थांतून बाहेर पडलेल्यांना काम मिळाले ते बहुधा जाहिरात संस्थांकडून, कारखान्यांकडून, बँकांकडून. कोपऱ्यावरच्या दुकानाला त्यांची फी परवडण्यासारखी नव्हती. त्याचा डिझायनर म्हणजे पेंटरच.

आणि तो पेंटर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जवळजवळ नाहीसा झाला. फ्लेक्स आला. रात्रीत छापून सकाळी टांगायचा. स्वस्त, चकचकीत, फोटोसकट. दुकानदाराला दोष देता येणार नाही. चार दिवसांचे काम चार तासांत होत असेल तर कोण नको म्हणेल? पण पेंटरबरोबर ते दोन मिनिटांचे बोलणेही गेले. फ्लेक्सच्या दुकानातला मुलगा विचारतो, "काका, फॉन्ट कुठला?" आणि संगणकात जो आधीपासून असतो तोच बसतो. दिल्लीत हनीफ कुरेशी यांनी पाट्या रंगवणाऱ्यांची अक्षरे संगणकात जपायचा उपक्रम केला आणि त्या टंकांना त्या त्या पेंटरचेच नाव दिले. हे मोलाचे काम आहे. पण अक्षर जपता आले तरी ते बोलणे कसे जपायचे?

यातच कायद्याचे एक वळण आले. आपल्या राज्यात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातून दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकाने बहुतांशी सुटली होती. २०२२ च्या दुरुस्तीने त्यांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली : देवनागरीत, आणि इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नाही अशी. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी पाटी असावी, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण झाले काय ते बघा. दुकानाचे नाव इंग्रजीत विचारपूर्वक रेखाटलेले, आणि त्याच्याशेजारी तेच नाव मराठीत कुठल्यातरी सरधोपट टंकात, दंड टाळण्यापुरते. उंची पट्टीने मोजली तर बरोबर. पण तीन मजल्यांच्या लिपीत वेलांटीपासून उकारापर्यंतची उंची बरोबर आली तरी मधले अक्षर खुजेच राहते. कायदा लिपी देऊ शकतो, चेहरा नाही देऊ शकत.

आमची एक जुनी विद्यार्थिनी आहे. नोकरी सोडून तिने हातमागाच्या कपड्यांचे लहानसे दुकान काढले. बचत त्यात घातलेली. एके दिवशी मोबाइल पुढे करून म्हणाली, "सर, लोगो कसा वाटतो?" गोलात एक पान होते, खाली बारीक इंग्रजी अक्षरे. छान होते. आम्ही तिला एवढेच म्हटले, की असे पान आमच्या दातांच्या डॉक्टरांकडे आहे आणि घरातल्या चहाच्या पुड्यावरही आहे. ती हिरमुसली. तयार साच्यांच्या एका संकेतस्थळावरून तिने ते थोड्या पैशांत घेतले होते. "सर, मोठ्या डिझायनरकडे जायला पैसे नाहीत. मग काय करू?"

तिचा हा प्रश्न आजच्या हजारो लहान दुकानदारांचा आहे. त्यांच्यापाशी पेंटर उरला नाही आणि डिझायनर परवडत नाही. मधल्या पोकळीत तयार साचा आहे, आणि साचा म्हणजे अपोहाच्या नेमके उलट : जो कोणालाही चालतो, तो कोणालाच वेगळे दाखवत नाही.

तिच्याशी बोलताना इतिहासाने जे शिकवले तेच आम्ही प्रश्नांच्या रूपात विचारले. पहिला प्रश्न कार्ल्याचा : तू कोण, कुठली, काय करतेस, हे पाटी वाचून कळते का? दुसरा दिङ्नागाचा : त्याच रस्त्यावर तुझ्यासारखीच तीन दुकाने असतील तर गिऱ्हाईक तुझे कशावरून ओळखील? तिसरा कुमारिलाचा : ती खूण पाहून गिऱ्हाइकाने जी गोष्ट गृहीत धरावी, ती तू रोज पाळू शकशील का?

तिसऱ्या प्रश्नावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी एकच गोष्ट नक्की पाळू शकते. कापड कोणी विणलं ते मी प्रत्येक नगावर लिहू शकते." झाले! खूण तिथेच होती. पुढे तिने ओळखीच्या एका कलाशिक्षिकेकडून दुकानाचे मराठी नाव हाताने लिहून घेतले, माफक मानधन देऊन. त्या नावातल्या लांब वेलांटीचा एक तुकडाच तिने कपड्याच्या चिठ्ठीवर घेतला. त्याच्याखाली विणकराचे नाव आणि गाव. एकच रंग, तोही तिच्या पहिल्या लुगड्यांच्या काठाचा. पाटी, पिशवी, पावती, सगळीकडे तेच. यात खर्चाचे काही नाही. पण आता ते पान नाही. आता ती कोणाला तरी उत्तर द्यायला बांधलेली आहे. दुकान चालेल की नाही, हे पाटी ठरवत नाही. भाडे आहे, हंगाम आहे, ऑनलाइन बाजार आहे. ती अजून झगडते आहे. पण परत आलेले गिऱ्हाईक तिला विणकराचे नाव घेऊन विचारते, हे तिने आम्हाला आवर्जून सांगितले.

तुमच्यापैकी जे दुकानदार आहेत, त्यांना एवढीच विनंती आहे. मराठी पाटी लावायचीच आहे, तर ती दंडासाठी लावू नका. गावात जुना पेंटर असेल तर त्याला शोधा. नसेल तर चित्रकलेच्या एखाद्या विद्यार्थ्याला हाक मारा, त्याचे पैसे द्या आणि त्याच्याशी बोला. 'एक टाइप'सारख्या मुंबईच्या मंडळींनी 'मुक्त', 'बलू' असे चांगले देवनागरी टंक सर्वांसाठी मोफत उपलब्ध केले आहेत. तेही वापरता येतील. खूण ठरली की कायद्याप्रमाणे नोंदवून ठेवा. आणि बाकीच्यांना, म्हणजे आम्हा गिऱ्हाइकांना, विनंती अशी की एखाद्या लहान दुकानाची पाटी वेगळी दिसली तर क्षणभर थांबून वाचा. ती कोणीतरी आपले नाव पणाला लावून लिहिलेली असते.

वेळ संपत आली आहे.  प्रश्न असतील तर जरूर विचारा.